मालक आहे का?

रामटेके मॅडम कुठल्याही खुर्चीवरून उठल्या की आधी मागे वळत आणि रिकाम्या खुर्चीवर तळहात फिरवत. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुणाकडे सांत्वनाला गेल्या तर तिथल्या सतरंजीवरसुद्धा. काही राहिलं नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असे. एकदा आमच्या मालकांच्या बंगल्यावर स्टाफचं जेवण होतं. मॅडम उठल्या, वळल्या आणि मखमली सोफ्यावरून हात फिरवू लागल्या. मालकीणबाईंना वाटलं, कापड आवडलं. त्यांनी खुशीत दुकान कुठलं, कारागीर कुठला, सगळं सांगितलं. मॅडमनी ते नीट ऐकून घेतलं आणि सोफ्याच्या फटीतून मालकांचा चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. तो चष्मा घरात आठवडाभर शोधत होते म्हणे.

नागपुरातल्या एका खाजगी ट्रॅव्हल्स कंपनीत आम्ही दोघं नोकरीला होतो. कंपनीचं नाव सांगत नाही. मालक अजून दिवाळीला सोनपापडीचा डबा पाठवतात, तो बंद व्हायला नको. माझं काम माइकवर ओरडण्याचं. अमरावती, वणी, चंद्रपूर, पवनी. कुठली गाडी कुठे लागली आणि कुणी धावत यावं, हे मी यार्डाला सांगत असे. आवाज देवाने बरा दिला, अक्कल देताना बहुतेक लाइन गेली होती. बायको म्हणते, मी घरात "जेवायला वाढा" म्हटलं तरी शेजारचे आपापल्या पिशव्या सावरतात.

मॅडमची खोली यार्डाच्या टोकाला होती. वर टिनाचं छप्पर, आत लोखंडी रॅक आणि दारात एक बदामाचं झाड. प्रवासी गाडीत जे विसरत ते सगळं या खोलीत येई. छत्र्या, डबे, स्वेटर, चार्जर हे तर रोजचंच. एकदा शिवलेला नवाकोरा नवरदेवाचा सूट आला होता, एकदा कवळी. कवळीचा मालक त्याच संध्याकाळी आला. तोंड रुमालाने झाकून नुसतं बोट दाखवत होता. मॅडमनी त्याला एक शब्दही विचारला नाही. "बोलाले लावू कशी त्याले?" म्हणाल्या.

एरवी मात्र त्या विचारत, आणि विचारायची पद्धत त्यांची स्वतःची होती. बॅगेत काय काय होतं, रंग कोणता, कंपनी कोणती, हे प्रश्न त्यांच्या लेखी बिनकामाचे. त्या विचारत, "ही बॅग त्रास काय देते?" लोक गोंधळत. एकदा इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले आणि चामड्याच्या एका बॅगेवर त्यांनी हक्क सांगितला. बॅग कुठे घेतली, चामडं कुठलं, आत किती कप्पे, सगळं घडाघडा. मॅडमनी आपला प्रश्न टाकला. गृहस्थ हसले. "त्रास कसला मॅडम, एकदम फर्स्ट क्लास बॅग आहे." मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. दोन दिवसांनी एक दमलेला औषधविक्रेता आला. प्रश्न ऐकताच तो म्हणाला, "डाव्या कोपऱ्यात चेन अडते जी. अंगठ्यानं दाबून धरा लागते, नाही तर दात सुटते." मॅडमनी अंगठ्याने कोपरा दाबला, चेन सरकली, बॅग त्याची झाली.

"चांगलं काय आहे ते चोरबी सांगते, बोरकर," त्या मला म्हणाल्या. "त्रास काय देते ते मालकच सांगते."

हा नियम मी घरी बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितला. ती म्हणाली, "मग तुमची मालकीण मीच, यात काही शंका नाही."

मॅडमचा दुसरा नियम फोनचा. कुणी फोन करून विचारलं, की माझी अमुक वस्तू तुमच्याकडे आहे का, तर त्या रिसीव्हर टेबलावर ठेवून उठत, रॅकपाशी जात, वस्तूला हात लावत, परत येत आणि मग म्हणत, "आहे." वस्तू समोर दिसत असली तरी उठत. पलीकडचा माणूस वैतागे. आम्हीही वैतागत असू, कारण तोच फोन आम्हाला मालकांशी बोलायला लागे. पण मॅडमचं म्हणणं पक्कं होतं. आहे म्हणायच्या आधी हात लावायचा. माणूस त्या एका शब्दावर भाड्याचे पैसे टाकून कुठून कुठून येतो. आणि इथे येऊन ती वस्तू नाही असं कळलं, तर तो ती दुसऱ्यांदा हरवतो.

वर्षभर वाट पाहूनही ज्याचा मालक आला नाही, त्या सामानाची संक्रांतीनंतरच्या एका रविवारी यार्डातच हर्रास होई. लिलाव हा शब्द मॅडम वापरत नसत. येणारा पैसा सरकारी दवाखान्यामागच्या निवाऱ्याला जाई. गावाकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक तिथे निजतात, त्यांना दोन वेळचं जेवण मिळतं. आमच्या मालकांच्या वडिलांनी ते सुरू केलं होतं. हर्रास कुणी पुकारायची, हा प्रश्नच नव्हता. माइक माझा होता.

पण पुकारायची रीत मॅडमची. इतर ठिकाणी एक वार, दोन वार, तीन वार हे भावासाठी असतं. आमच्याकडे ते मालकासाठी असे, आणि बोली लागायच्या आधी. मॅडम वस्तू हातात उंच धरत, कुठल्या गाडीत सापडली आणि तिची खूण काय ते मला सांगत. मी ते माइकवर म्हणे आणि तीनदा विचारी, "मालक आहे का?" तिसऱ्यांदा कुणी बोललं नाही, की मॅडम मान हलवत आणि मग भाव सुरू. सुरुवातीला मला हा वेळेचा निव्वळ अपव्यय वाटे. वर्षभर जो आला नाही, तो नेमका त्या रविवारी मुद्दाम यार्डात येऊन कशाला उभा राहील?

याचं उत्तर मला स्वतःच्या अंगावर घालायला मिळालं.

त्या वर्षी गर्दी चांगली होती. मॅडमनी एक करडं स्वेटर वर धरलं. मी माइकवर दणकून म्हटलं, "अमरावती गाडी. करड्या रंगाचं स्वेटर. मधलं बटण दुसऱ्याच रंगाचं. मालक आहे का?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा जरा सूर लावून विचारलं. कुणी नाही. स्वेटर मला आवडलं होतं. स्टाफला बोली लावायची मुभा होती, म्हणून मीच बोली लावली. एका रिक्षावाल्याने भाव चढवत नेला, मी मागे हटलो नाही, शेवटी जिंकलो. घरी गेलो. बायकोने स्वेटर हातात घेतलं, मधल्या बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते बटण तिनेच लावलं होतं, स्वतःच्या जुन्या ब्लाउजचं काढून. मागल्या थंडीत मी ते स्वेटर घालून अमरावतीला साळ्याच्या साखरपुड्याला गेलो होतो आणि आल्यावर, थंडी कमी झाली हो, असं म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पैसे परत मागायला मॅडमकडे गेलो.

"तीनदा विचारलं तुले," त्या म्हणाल्या. "तुह्याच तोंडून विचारलं."

"पण मॅडम, मालकाला तर फुकट मिळते ना?"

"मालकाले फुकट असते. तू गिऱ्हाईक होऊन आला होता."

त्या स्वेटराच्या पैशात निवाऱ्यावर कुणी तरी वरण-भात जेवलं असेल. मी ते अजून घालतो. माझ्या कपाटातली सगळ्यात महाग लोकर तीच.

आता तांब्याच्या लोट्याची गोष्ट, स्वेटरानंतरच्या एका वर्षीची. ही मी लग्नकार्यात पुष्कळदा सांगितली आहे, पण हसण्यापर्यंतच सांगतो. पुढची सहसा सांगत नाही.

मॅडमच्या खोलीत खिडकीजवळ उंच खिळ्याला एक पट्ट्यापट्ट्यांची पिशवी टांगलेली असे. रॅकमध्ये जागा असूनही ती खिळ्यालाच. मागच्या हर्रासीला ती बाहेर आली नाही. मी एकदा विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "त्याले हात लावू नको." बस, एवढंच. मॅडमला मी पुरता ओळखत होतो, तरी मनात आलं, चांगली वस्तू असेल, मॅडमच्या मनात भरली असेल. माणसाच्या स्वभावाचा मला गाढा अभ्यास आहे. तो बहुतेक माझ्याच स्वभावावरून केलेला.

त्या वर्षी हर्रासीच्या रविवारी सगळं सामान विकून झालं. मालक निघाले, म्हणून मॅडम त्यांना गाडीपर्यंत सोडायला फाटकाकडे गेल्या. लोक हलेनात. बेसाचे एक गिरडकर म्हणून होते, नवीन घर बांधलेले, त्यांनी आधीच इस्त्री आणि मिक्सर घेतला होता. ते म्हणाले, "काऊन भाऊ, संपलं का? एखादं तरी काढा न." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की मी कुठल्याही उंचीवरून उडी मारतो. खोलीत गेलो, स्टुलावर चढलो आणि पिशवी काढून आणली. आत तांब्याचा लोटा निघाला. तोंडाला पांढरं फडकं, वरून दोरा गुंडाळून गाठ मारलेली. आता वाटतं, कुणीही शहाण्याने बघताक्षणी ओळखावं. पण माइक हातात असला की मला फक्त गिऱ्हाईक दिसतं. मी म्हटलं, जुन्या घाटणीचा अस्सल तांब्याचा लोटा, आत काय असेल ते घेणाऱ्याचं नशीब. लोक हसले. भाव चढला. गिरडकरांनी घेतला, हेल्मेटमध्ये ठेवला आणि गेले. मॅडम परत आल्या तेव्हा मी खुर्च्या आवरत होतो आणि स्वतःवर अतिशय खूश होतो. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा, म्हणून हिशेबाच्या वेळेला सांगू असं ठरवलं, आणि विसरलो.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत चहा पीत होतो. फोन वाजला. पलीकडे बाईमाणूस होतं, घाबरत बोलत होतं, एवढं मला कळलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे. या तुम्ही. उद्या सकाळी या."

त्या उठल्या नव्हत्या. रिसीव्हर टेबलावर ठेवला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हात न लावता आहे म्हटलं होतं, आणि मी ते पाहून त्यांना चिडवायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी मान वळवून खिळ्याकडे पाहिलं.

खिळा होता.

मी कालचं सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटायला लागला. मॅडम ओरडल्या नाहीत.

"तीनदा विचारलं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

नव्हतं विचारलं. त्या एकाच वस्तूला नव्हतं विचारलं.

"अस्थी आहेत त्या, बोरकर," मॅडम म्हणाल्या. "कोणाले सांगितलं नाही म्या. सांगितलं असतं तर हमाल खोलीत पाय ठेवते काय?"

चहाचा कप माझ्या हातात होता, तो कुठे ठेवावा हे मला कळेना. आमच्याकडे घेणाऱ्याने फोन आणि पत्ता सांगून जायचं असे, पुढे-मागे मालक आलाच तर वस्तू परत घेता यावी म्हणून. हाही मॅडमचाच नियम. लोट्याच्या वेळी मी तो पाळला नव्हता, पण इस्त्रीच्या वेळी मॅडमनी पाळला होता. त्या नंबरावर फोन लावला. गिरडकरांच्या बायकोने उचलला आणि आम्ही नाव सांगण्याआधीच म्हणाली, "तुम्हीच का ते? या लवकर. आमच्या सासूबाई सकाळपासून झाडाखाली बसून आहेत."

माझ्या स्कूटरवर मॅडम पहिल्यांदाच बसल्या. यार्ड ते बेसा मी काहीही बोललो नाही. बायकोचा यावर अजून विश्वास नाही.

गिरडकरांच्या घराशेजारी रिकामा प्लॉट होता. त्यात एक कडुनिंब आणि त्याच्या फांदीला आमची पट्ट्यापट्ट्यांची पिशवी. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत गिरडकरांची आई काठी घेऊन बसली होती. पोरांचा चेंडू तिकडे येऊ नये आणि कुत्री फिरकू नयेत म्हणून. लेकाने लोटा घरात आणला, तो तिने उंबऱ्यावरच अडवला होता. अस्थी घरात नेत नाहीत, झाडाला बांधतात, हे तिला सांगावं लागलं नव्हतं. लेकाला सांगावं लागलं होतं, आणि तो लाजून आत बसला होता, तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच का गा तो, भोंग्यावाला?"

मी मान हलवली.

"काहून गा, माणूस विकाले काढला व्हय?"

मॅडम मध्ये पडल्या. चूक आमची आहे म्हणाल्या; आमची म्हणाल्या, याची नाही. म्हातारीने विचारलं, कोणाचं आहे. मॅडम म्हणाल्या, "पवनीकडची बाई आहे एक. उद्या येते न्याले."

पिशवी उंच होती. मी झाडावर चढायचा एक प्रामाणिक प्रयत्न केला. माझं पोट आणि झाडाचं खोड यांचं जमलं नाही. तेव्हा मॅडमनी चपला काढल्या आणि त्या खुर्चीवर चढल्या. म्हातारीने खुर्ची धरली.

"आडनाव काय वं तुहं?" म्हातारीने खालून विचारलं. आमच्याकडे आडनाव विचारलं म्हणजे काय विचारलं, हे तिघांनाही माहीत होतं.

"रामटेके," मॅडम वरून म्हणाल्या. त्यांचे हात गाठीवर होते.

"हं," म्हातारी म्हणाली. आणि तिने खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. "सांभाळून उतर माय. खुर्ची डुगडुगते."

मॅडम पैसे परत द्यायला लागल्या, तर म्हातारी घेईना. माणसाचे पैसे कोणी घेते काय, म्हणाली. मॅडमचा नियम आणि म्हातारीचा हट्ट यांची बराच वेळ जुंपली. शेवटी ठरलं, निवाऱ्यावर गोडाचं जेवण घालायचं. निघताना मॅडम त्या खुर्चीकडे वळल्या. बसल्या नव्हत्या, नुसत्या चढल्या होत्या. तरी हात फिरवला.

परतीच्या वाटेवर लोटा त्यांच्या मांडीवर होता. मी गाडी अशी चालवली, की सायकलवाले ओलांडून जात होते. मध्येच मी विचारलं, "मॅडम, तुम्ही तर हे मानत नाही ना?"

"नाही मानत," त्या म्हणाल्या. "ज्याचं सामान आहे ते मानते न. समोर पाह्य, खड्डा आहे."

खिळ्याला त्यांनी लोटा परत टांगला नाही. दारातल्या बदामाला बांधला. म्हातारीचं त्यांनी ऐकलं होतं. यार्डातल्या सगळ्यांना आता माहीत झालंच होतं. हमाल लांबून हात जोडून जात होते आणि खोलीत बिनतक्रार येत होते. मॅडमचा अंदाज तेवढा चुकला.

मंगळवारी सकाळी ती बाई आली. पस्तिशीची असेल, हातात नायलॉनची पिशवी, डोक्यावर पदर. मॅडमनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिची हकिगत फार मोठी नव्हती. नवऱ्याला घेऊन ती नागपूरला आली होती, दवाखान्यात. निवाऱ्यावर राहत होती. तो गेला. इथल्याच घाटावर त्याला जाळलं. सोबत कुणी नव्हतं, लहान पोरगी तेवढी होती. अस्थी घेऊन ती आमच्या गाडीने निघाली, पोरगी मांडीवर झोपली होती, लोटा पायाशी. गाव आलं तशी झोपलेल्या पोरीला खांद्यावर टाकून उतरली. गाडी गेल्यावर आठवलं.

"घरी काय सांगू?" ती म्हणाली. "सासऱ्याले सांगितलं, पुलावरून गंगेत सोडलं म्हून. वैनगंगेत. तवापासून सांगूनच राहिली, जी. सासरा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, माह्या सुनेनं सगळं एकटीनं केलं."

सासरा आता थकला होता. मी जाईन तेव्हा मलाही त्याच पुलावरून सोड, जिथून त्याला सोडलं तिथून, असं त्याने म्हटलं, आणि तेव्हापासून तिला झोप नव्हती. गाडीच्या तिकिटावर फोन नंबर होता. तिकीट तिने जपून ठेवलं होतं.

मॅडम उठल्या. आणि सवयीचं जे आहे ते सवयीचं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लोटा त्रास काय..." मग त्या थांबल्या. मी टेबलाकडे पाहायला लागलो.

पण बाईने ऐकलं होतं. तिला तो प्रश्न वावगा वाटला नाही. तिने थोडा विचार केला.

"जड नव्हता जी," ती म्हणाली. "तोच त्रास होता. एवढा उंचापुरा माणूस, अन् जडच नाही."

मॅडमनी बाहेर जाऊन गाठ सोडली आणि पिशवीतून लोटा काढून दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला. "हात लावून पाह्य," म्हणाल्या. बाईने फडक्यावर तळहात ठेवला. गाठ तिने स्वतः मारलेली होती, ती तिने ओळखली. मग तिने विचारलं, "कुठं होतं जी इतके दिवस?"

खोटं बोलणं मॅडमला जमत नसे, आणि खरं बोलायचं, तर लोटा मी विकला होता हे मला सांगावं लागलं असतं.

"झाडाले बांधून आहे," मॅडम म्हणाल्या.

"बरं केलं बाई," ती म्हणाली. "मले तेच वाटे, कुठं कोंडून असन म्हून."

पवनीची गाडी लागली होती. मॅडमनी तिला ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा दिली, तिकीट घेऊ दिलं नाही, आणि ड्रायव्हरला सांगितलं की पुलावर गाडी थांबवायची आणि ती बाई परत येऊन बसेपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही. मी सवयीने माइक उचलला. मॅडमनी गाडीच्या खिडकीतूनच माझ्याकडे पाहिलं. "हळू बोल," म्हणाल्या. मी माइक ठेवून दिला आणि गाडीपाशी जाऊन साध्या आवाजात सांगितलं, पवनी. कुणी ऐकलं नाही. दोन प्रवासी चुकले, त्यांनी नंतर माझी तक्रार केली.

गाडी फाटकाबाहेर वळल्यावर मॅडम आत आल्या. बाई जिथे बसली होती त्या खुर्चीवर त्यांनी हात फिरवला. त्या घटनेबद्दल नंतर त्या मला कधीही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या फोनपासून रिसीव्हर टेबलावर ठेवून उठताना त्या माझ्याकडे बघून उठत.

मॅडम निवृत्त झाल्या, मागून मीही. यार्ड आहे, खोली पाडली. विसरलेलं सामान आता हिंगण्याच्या गोदामात जातं, तिथून फोटो काढून मोबाइलवर विकतात. पैसा निवाऱ्यालाच जातो, पूर्वीपेक्षा जास्त जातो म्हणे. फक्त मालक आहे का, असं कुणी विचारत नाही. विचारायला समोर कुणी नसतंच.

मागल्या महिन्यात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ मॅडम दिसल्या. बाकावर एकट्याच बसल्या होत्या. बारीक झाल्या आहेत, साडीला खळ तीच. मी स्कूटर लावली, शेजारी जाऊन बसलो. गुडघ्यांचं बोललो, नातवंडांचं बोललो. मग त्यांनी विचारलं, "यार्डातलं बदामाचं झाड आहे का गा?"

"आ..." मी म्हणालो, आणि थांबलो. खोली पाडली तेव्हा ते होतं. त्यानंतर मी तिकडे गेलो नव्हतो. "उद्या हात लावून सांगतो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत, पण मान हलवली. हर्रासीला तिसऱ्या वेळेनंतर हलवत तशी. उन्हं कलली होती. मी उठलो, येतो म्हटलं आणि शहाण्या माणसासारखा स्कूटरकडे चालायला लागलो. मागून आवाज आला. फार मोठा नाही, पण मला माझा स्वतःचा ओळखू येत नाही इतका तो ओळखीचा होता.

"मालक आहे का?"

मी वळलो. मॅडम बाकापाशी उभ्या होत्या. एक तळहात बाकावर, दुसऱ्या हातात माझं हेल्मेट उंच धरलेलं. बाजूने फिरायला चाललेली दोन माणसं थबकली.

"माझं आहे, मॅडम."

"त्रास काय देते?"

"पट्टा हनुवटीखाली टोचते."

त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. शिवण उसवून तार वर आली होती, ती त्यांना लागली असावी.

"घे मग," त्या म्हणाल्या. हेल्मेट माझ्या हातात दिलं, पुन्हा वळून बाकाची माझी बाजू चाचपली, मग स्वतःची, आणि तलावाच्या कडेकडेने घराकडे गेल्या.